धुराला विचारून गोंद

गाडीचं प्लास्टिक तुटलं की माणूस आधी गोंद शोधायला पळतो, आणि घोळ तिथंच होतो, असं मिस्त्रीचं म्हणणं होतं. आधी तुकड्याचं घराणं विचारावं, मग सोयरीक जमवावी. हे तो इतक्या गंभीर तोंडानं सांगायचा की नवीन गिऱ्हाईक हातात तुटका तुकडा धरून अवघडून उभं राहायचं, जणू त्याच्याच सात पिढ्या विचारल्या जात होत्या.

गॅरेज तसं साधंच. पुढं तेलानं काळं पडलेलं अंगण, मागं लांबट शेड. शेडच्या एका टोकाला रंगाची खोली, तिला जाड मेणकापडाचा पडदा. दुसऱ्या टोकाला खिडकीखाली मिस्त्रीचं टेबल आणि वर त्याची फळी. त्या फळीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. डाव्या हाताला दोन नळ्यांतून एकदम बाहेर येणारा गोंद, सुकला की दगड. त्याच्या शेजारी बंपरचा गोंद, सुकला तरी वाकणारा. मग झटपट चिकटणारी छोटी बाटली, ती फक्त तुकडे जागेवर धरून ठेवण्यापुरती. तिच्या जिवावर काही जोडलं तर थंडीच्या पहिल्या धक्क्याला काचेसारखं तडकतं. मग जाळीची पट्टी, मागून ठिगळ द्यायला. मग प्लास्टिकची हलकी पुट्टी. पत्र्याची पुट्टी मात्र त्याच्या फळीवर कधीच नव्हती. ती पलीकडे, पत्रेवाल्यांकडे. "ताठ आहे ती," मिस्त्री म्हणायचा. "प्लास्टिक जरा वळलं की हिला राग येतो. पापुद्रा टाकून निघून जाते."

तुकडा जितका ताठ, तितकाच गोंद ताठ. हा एक नियम. दुसरा नियम अवघड होता. काही प्लास्टिक मेणकट घराण्याचं असतं. दिसायला कडक, टणटणीत, पण अंगाला काही लावून घेत नाही. त्याला आधी एक पातळ औषध पुसून घ्यावं लागतं, किंवा ज्योत वरच्यावर फिरवून त्याची कातडी जागी करावी लागते. मगच गोंद धरतो. दुसरं घराणं खरं कडक. त्याला नुसतं घासलं, पुसलं की पुरे. दोन्ही काळी, दोन्ही ताठ, दोन्ही बोटानं वाजवली तर आवाज जवळपास एकच. मागच्या बाजूला कधी कधी शिक्का असतो, तो वाचला की झालं. पण तुकडा तुटतो तो नेमका शिक्क्यावरच, किंवा कुणी आधी तिथं ठिगळ मारलेलं असतं, किंवा माल नकली असतो आणि शिक्काच खोटा असतो.

मग मिस्त्री काय करायचा? तुकड्याच्या मागच्या अंगाची पात्यानं एक चिंधी सोलायचा, चिमट्यात धरायचा, पेटवायचा, फुंकर मारून विझवायचा आणि धूर एकदाच नाकात ओढायचा. एकदाच. विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मेणकट घराणं. नाकात बोचणारा, गोडसर, डोकं धरणारा वास आला की कडक घराणं. केस जळल्यासारखा आला की आणखी तिसरंच. मग न बोलता फळीवरून नळी उचलायचा. पैज लावून पाहिलेली माणसं हरून गेली होती.

म्हणून त्याला सगळं गॅरेज नाक म्हणायचं. "अरे हा दिव्याचा कान तुटलाय." "नाकाला विचार." "आरशाचं टोपण फुटलंय." "नाक कुठाय?" त्याच्या तोंडावर दादा म्हणायचे, पाठीमागं नाक, आणि त्याला ते दोन्ही आवडायचं.

काही गॅरेजवाले चिंधी पाण्यात टाकून बघतात. तरंगली तर मेणकट, बुडाली तर कडक. मिस्त्री यावर खदाखदा हसायचा. "पाणी खोटं बोलतं रे बाबांनो. मेणात दगडाची भुकटी मिसळली की तेही बुडतं. ताठपणा यावा म्हणून कारखानेवाले घालतात भुकटी. धूर खोटं बोलत नाही. धुराला अजून कुणी शिकवलं नाही खोटं बोलायला."

रंगाच्या खोलीत त्याचा धाकटा भाऊ होता. तुकडा साबणानं धुणं, पुसणं, घासून खरखरीत करणं आणि जोडून झाल्यावर रंग मारणं, हे सगळं धाकट्याचं. जोडणं दादाचं. दोघं दिवसभर शेडच्या दोन टोकांवरून बोलत राहायचे. एवढ्या अंतरावरून बोलायचं म्हणजे ओरडायचंच, त्यामुळं त्यांच्या घरातली प्रत्येक गोष्ट गॅरेजला पाठ होती. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाच्या पोरीला गणितात किती कमी, वहिनीनं कुणाला काय सुनावलं.

धाकटा रंगकामाला लागला तेव्हा त्यानं एक चांगलं मुखवट्यासारखं फडकं आणलं होतं, दोन्ही गालांवर गाळणीच्या डब्या असलेलं. पहिल्याच दिवशी तो ते बांधून बाहेर आला आणि दादानं शेडच्या या टोकावरून हाळी दिली, "काय रे, दरोडा घालायला निघालास की काय? आमच्या घरात नाक झाकून कुणी पोट भरलं नाही!" सगळे हसले. धाकटाही हसला. चारदोन दिवस त्यानं ते गळ्यात लोंबतं ठेवलं, मग खिळ्याला अडकवलं. ते तिथंच राहिलं. मिस्त्रीनं तर आयुष्यात कधी नाक झाकलं नाही. नाक झाकलं तर काम कशावर करायचं? सुतारानं हात बांधून रंधा मारावा तसं ते.

आणि तेच नाक गेलं.

कधी गेलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. दात पडला तर कळतो, नाक हळूहळू उठून जातं, पाहुणा निरोप न घेता जावा तसं. आधी वास पुसट झाले. सर्दी असेल म्हणाला. मग धूर नुसता गरम लागायला लागला. एक दिवस चिंधी पेटवली, विझवली, ओढली. आणि काही नाही. कोऱ्या कागदाकडं बघावं तसं. टेबलाशी गिऱ्हाईक उभं होतं. मिस्त्रीनं डोळे मिटून मान हलवली, जणू वास आलाच, आणि बोटानं चाचपून मागचा शिक्का वाचला. शिक्का होता म्हणून निभावलं.

त्यानंतर त्यानं नवीन पद्धत बसवली. तुकडा आला की म्हणायचा, "राहू द्या, उद्या बघतो." एक चिंधी गुपचूप सोलून सदऱ्याच्या खिशात टाकायची. घरी जायचं, बायको बाहेर गेली की ग्लासात पाणी घ्यायचं आणि चिंधी सोडायची. तरंगतेय की बुडतेय बघायचं. दुसऱ्या दिवशी टेबलावर सगळ्यांसमोर पेटवायचं नाटक करायचं आणि नळी उचलायची. ज्या पाण्याला जन्मभर हसला, त्याच पाण्यापुढं तो रोज संध्याकाळी वाकून बसू लागला.

बायकोनं ते पकडलंच. भिजलेला हात पदराला पुसत आत आली तर नवरा खिडकीशी ग्लास उजेडात धरून बसलेला.

"अहो, हे काय काळं पडलंय पाण्यात?"

"काही नाही. प्लास्टिक."

"प्यायच्या ग्लासात?"

"बघतोय, तरंगतं का."

"आणि तरंगलं की काय, पोहण्याच्या शर्यतीत उतरवणार?"

तो हसला नाही. एरवी तो हसला असता आणि वर एखादं ठेवून दिलं असतं. बायको त्याच्याकडं बघत उभी राहिली. मग आत गेली, दूध करपलेलं पातेलं घेऊन आली आणि त्याच्या नाकाखाली धरलं. करपल्याचा वास सकाळपासून घरभर भरलेला होता, शेजारीण दारातून विचारून गेली होती.

"डोळे मिटा. काय आहे सांगा."

मिस्त्रीनं डोळे मिटले, श्वास ओढला, जरा विचार केला. "चहा," तो म्हणाला.

बायकोनं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाली, "आणि मी समजत होते, स्वयंपाकाला नावं ठेवायचं सोडलंत म्हणजे शहाणे झालात."

"कुणाला बोलू नकोस."

"ताईंना सांगा. त्या तुम्हाला काका म्हणतात, खाणार नाहीत."

ताई म्हणजे गॅरेजची मालकीण. वडील गेल्यावर तिनंच कारभार हातात घेतला होता. लहानपणी ती मिस्त्रीच्या टेबलाखाली बसून प्लास्टिकच्या साली गोळा करायची. आता शहाणी, तुटक बोलणारी बाई झाली होती. आसपासच्या सगळ्या गॅरेजांनी जोडकाम बंद करून टाकलं होतं. तुटलं की फेकायचं, नवीन मागवायचं. हिनं ते टेबल चालू ठेवलं होतं ते मिस्त्रीच्या नाकावर. तसं ती उघड म्हणायची.

"सांगू काय तिला?" मिस्त्री म्हणाला. "की नाक गेलं, आता मला नुसतं बसायला खुर्ची दे?"

बायकोनं ग्लास उचलला, मोरीत ओतला, आणि तो ग्लास वेगळा काढून ठेवला. त्यातून पुन्हा कधी कुणी पाणी प्यायलं नाही. तेवढीच तिची संमती.

बरं, ग्लासानं बरेच दिवस साथ दिली. माणूस अशानंच बिघडतो. दहा वेळा निभावलं की अकराव्या वेळी आपण हुशार आहोत असं वाटायला लागतं. आपणच सांगितलेली भुकटीची गोष्ट मिस्त्री साफ विसरून गेला.

मग ती चौकट आली. गाडीच्या तोंडाच्या आत असते ती, काळी, ताठ. दोन्ही दिवे तिच्यावर तोललेले असतात. डाव्या दिव्याजवळ ती आडवी तुटली होती. शिक्क्याच्या जागी कुणी तरी आधीच ठिगळ मारून ठेवलेलं. गाडीवाला घाईतला माणूस. नवीन चौकट मागवली तर यायला वेळ लागणार होता, आणि त्याच्या आईला दर आठवड्याला लांबच्या दवाखान्यात न्यावं लागायचं.

मिस्त्रीनं चिंधी घरी नेली. ग्लासात सोडली. ती सरळ तळाला जाऊन बसली, खड्यासारखी. कडक घराणं. दुसऱ्या दिवशी टेबलावर पेटवली. चिंधीला जुन्या ठिगळाचा रंग आणि वंगण लागलेलं होतं, त्यामुळं धूर काळाकुट्ट निघाला. कडक घराण्याचा तसाच निघतो. डोळ्यांनाही पटलं. "कडक," तो म्हणाला.

धाकट्यानं चौकट धुतली, पुसली, घासली. मग हातात धरून जरा थांबला. "दादा, घासताना ही जरा तंतू सोडतेय रे. कडकवालीची भुकटी पडते, ही जरा लवदार वाटतेय."

"तू रंग मार. घराणं मी बघतो."

"नाही, नुसतं म्हटलं. परत एकदा बघ धूर."

"माझ्या नाकाला आता तू शिकवणार?"

धाकट्यानं चौकट टेबलावर ठेवली आणि आपल्या टोकाकडं गेला. मिस्त्रीनं तड्याच्या टोकाला भोक पाडलं, तडा पुढं पळू नये म्हणून; दोन्ही बाजूंनी खाच मारली, मागून जाळी दिली, दोन नळ्यांचा दगडी गोंद भरला. औषध पुसलं नाही, ज्योत फिरवली नाही. सांधा इतका देखणा झाला की गाडीवाल्यानं बोटानं चाचपूनसुद्धा त्याला सापडेना.

गाडी परत आली ती दोरीनं ओढत.

डावा दिवा वायरीवर लोंबत होता, डोळा बाहेर आल्यासारखा. संध्याकाळी वळणावर दिवा एकदम खाली पडला, पुढचं दिसेना, गाडी दुभाजकाला घासून अडकली. मागच्या सीटवर गाडीवाल्याची म्हातारी आई बसली होती. मनगट प्लास्टरमध्ये. ती कुणाला काही बोलत नव्हती. नुसती खिडकीतून शेडकडं बघत होती, कुठल्या घरात आलोय ते समजून घेत असल्यासारखी.

गाडीवाल्यानं जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. ताईनं ऐकून घेतलं. मग चौकट बाहेर काढली आणि मिस्त्रीच्या टेबलावर ठेवली. गोंद, जाळी, ठिगळ, सगळं एकाच तुकड्यात सालीसारखं निघून आलं होतं. खालचं प्लास्टिक स्वच्छ, चकचकीत. गोंद कधी तिथं बसलाच नव्हता.

मिस्त्रीला पाहताक्षणी कळलं. मेणकट. भुकटी घातलेलं मेण. त्याचंच बोलणं त्याच्या कानात वाजलं, हसण्यासकट.

पण गोंद असा सोलून निघायला दुसरंही एक कारण असतं. तुकडा नीट धुतला नसला, अंगावर वंगण राहिलं असलं, तरी साल अशीच निघते. बघणाऱ्याला फरक कळत नाही. जोडणाऱ्यालाच कळतो.

"धुतलं कुणी होतं?" ताईनं विचारलं.

शेडमध्ये हातोड्या थांबल्या होत्या. धाकटा पडद्याजवळ उभा होता, हाताला राखाडी रंग. त्यानं दादाकडं बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं, दार वाजवून उभं राहावं तसं.

मिस्त्री चौकटीकडं बघत राहिला. त्यानं अंगठ्यानं तो चकचकीत भाग पुसला. परत पुसला. तोंड उघडायला एवढा वेळ पुष्कळ होता.

"मी धुतलं होतं," धाकटा म्हणाला.

"नीट?"

"मी नेहमी धुतो तसंच."

"म्हातारीचं मनगट गेलंय," ताई म्हणाली. "नेहमीसारखं नव्हतं म्हणायचं ते." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "उद्यापासून तयारीच्या कामाला हात लावू नकोस. गाड्या धू. पुढचं मी बघते."

धाकट्यानं हात पुसले. मळकट फडकं घडी करून पिंपावर ठेवलं, एवढी नीट घडी त्यानं जन्मात कधी घातली नव्हती, आणि अंगणातून चालता झाला. शेडच्या त्या टोकाकडून दिवसभर कुणी ओरडलं नाही. मिस्त्रीला वाटलं, आता कानही गेले की काय.

घरी बायकोनं ताट वाढलं आणि समोर बसली. बातमी त्याच्याआधी घरी पोचली होती, जाऊबाई येऊन गेली होती.

"काय म्हणाली?" मिस्त्रीनं विचारलं.

"काही नाही. चाळणी मागायला आली होती. चाळणी न घेता गेली."

तो जेवू लागला. हल्ली त्याला जेवणही नुसतं गरम किंवा गार लागायचं.

"तुमचं नाक गेलं ते कुणाच्या हातात नव्हतं," बायको म्हणाली. "जीभ होती ना जागेवर?"

तो हात धुऊन उठला आणि चप्पल घालून धाकट्याच्या घरी गेला. मागच्याच गल्लीत घर. धाकटा ओट्यावर बसून पोरीच्या सायकलची साखळी बसवत होता. दादाला बघून उठला नाही. बसही म्हणाला नाही.

"अरे," मिस्त्री म्हणाला.

"माहीत आहे मला," धाकटा म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"नाक. कधीचं माहीत आहे. थिनरचा डबा उपडा झाला होता तुझ्या टेबलाखाली, आठवतंय? सगळी शेड खोकत बाहेर पळाली. तू डबीतली तपकीर शोधल्यासारखा तसाच बसून होतास, नळी बघत. तेव्हाच कळलं."

"मग बोलला नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. थोरला आहेस ना." साखळी दातावर बसली, पुन्हा निसटली. "चौकटीच्या वेळी सांगितलं मी, परत बघ म्हणून. चार लोकांसमोर तुझं नाव जायला नको म्हणून हळू सांगितलं. आणि आज तुला एवढंच करायचं होतं, की हा नाही, मी. दोन शब्द, दादा. मी मनात मोजत होतो, आता म्हणेल, आता म्हणेल."

"उद्या सांगतो ताईला."

"सांग नाहीतर नको सांगू. माझ्यासाठी म्हणून सांगू नकोस."

आतून पोरगी, "काका आलेत का?" म्हणून ओरडली. "नाही," धाकटा म्हणाला, "कुणी नाही."

मिस्त्रीनं सांगितलं. गॅरेज उघडायच्या आधी, ताई कुलूप काढत असतानाच सांगितलं, कारण आत जाऊन खुर्चीवर बसला असता तर जीभ पुन्हा जड झाली असती हे त्याला ठाऊक होतं. नाक, ग्लास, भुकटी, सगळं. ताईनं किल्ली कुलपात तशीच ठेवून ऐकलं.

"किती दिवस झाले काका?"

"बरेच."

"आणि मी सगळ्यांना सांगत फिरत होते, आमच्याकडे बिनधास्त टाका, आमच्या काकांचं नाक आहे." तिनं कुलूप काढलं. दार अर्धं उघडून तशीच उभी राहिली. "बाबा असते तर तुम्हाला काही बोलले नसते. म्हणून मीही बोलत नाही. पण म्हातारीच्या घरी तुम्ही यायचं माझ्याबरोबर. तिथं जे बोलतील ते उभं राहून ऐकायचं."

तो गेला. उभं राहून ऐकलं. म्हातारीनं एकच विचारलं, "तूच का तो जोडणारा?" तो हो म्हणाला. "मला वाटलं कुणी पोरसवदा असेल," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं.

टेबल बंद करायचं ताईनं ठरवलं होतं. मग तिनंच वाट काढली: धाकटा तयार असेल तर वास त्यानं घ्यायचा, हात मिस्त्रीचे. नाहीतर फळी रिकामी. ते विचारायला मिस्त्रीलाच जावं लागलं. धाकट्यानं दारातच ऐकून घेतलं आणि म्हणाला, "येईन. घर चालायला पाहिजे. पण कामापुरतं बोलायचं."

तेव्हापासून तसंच चाललं. चिंधी मिस्त्रीनं सोलायची, चिमट्यात धरायची, पेटवायची, विझवायची आणि हाक मारायची. धाकटा शेडच्या त्या टोकाकडून येणार, वाकणार, धूर एकदा ओढणार. "मेण." किंवा "कडक." आणि परत पडद्यामागं. नळाचं पाणी नाही, पोरीचं गणित नाही, वहिनी नाही. गॅरेजमधली माणसंसुद्धा हळू बोलायला लागली. नाक हे नाव आपोआप सुटलं. धाकट्याला ते द्यायचं कुणाच्या मनात आलं नाही.

एक दिवस मिस्त्रीची नजर खिळ्यावरच्या त्या जुन्या मुखवट्यावर गेली. हात लावला तर पट्टा भुगा होऊन हातात आला. त्यानं बाजारातून नवीन आणला, दोन डब्यांचा, आणि काही न बोलता धाकट्याच्या स्टुलावर ठेवला. धाकट्यानं तो उचलला, उलटसुलट करून बघितला.

"दरोडा घालायचा का?" तो म्हणाला.

कितीतरी दिवसांत कामाबाहेरचं तेवढंच वाक्य. मिस्त्रीला वर बघवलं नाही. पण धाकट्यानं मुखवटा बांधला, आणि रोज बांधू लागला. धुरासाठी बोलावलं की तेवढा खाली ओढायचा.

मग एकदा ऊन कलत असताना एक गाडी आली. आरसा अंगाला धरून ठेवणारी दांडी तुटलेली, काळी, ताठ, शिक्का नाही. गाडीवाला अंगणात उभा. मिस्त्रीनं चिंधी सोलली, पेटवली, फुंकली. हाक मारली. धाकटा आला, मुखवटा खाली ओढला, वाकला, धूर ओढला.

बोलला नाही. परत ओढला.

मिस्त्री चिमटा धरून उभा. धुराची रेघ बारीक होत चालली होती. धाकटा आणखी खाली वाकला, नाक चिंधीला जवळजवळ टेकवलं आणि तिसऱ्यांदा ओढला.

"मेण," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "असावं."

"असावं?"

धाकट्यानं मान वर केली. त्याचे डोळे ओले झाले होते, धुरानं होत असतील. त्यानं खिळ्याकडं बघितलं, जिथं इतकी वर्षं तो पहिला मुखवटा लोंबला होता, मग दादाकडं. दार वाजवून उभं राहावं तसं पुन्हा एकदा.

मिस्त्रीनं चिमटा खाली ठेवला. फळीवरची नळी उचलली नाही. औषधाची बाटलीही नाही. अंगणाच्या दिशेनं तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो ओरडला, "ताई, हा तुकडा मला ओळखता येत नाही. नवीन मागवा."

"धाकट्याला येत नाही का?" ताईनं तिकडून विचारलं.

"मी त्याला विचारलंच नाही," मिस्त्री म्हणाला.

धाकटा परत आपल्या टोकाकडं गेला. पडदा बाजूला सारला, आत शिरण्याआधी मुखवटा वर ओढून घट्ट बांधला. मिस्त्री फळीवरच्या नळ्यांची टोपणं एकेक करून नीट लावत बसला. उघडी राहिली की गोंद आतल्या आत सुकतो.